पाटीवर नाव कुणाचं?

टीव्हीवरच्या पाककला स्पर्धेचा विजेता जाहीर झाला, सोनेरी कागदांचा पाऊस पडून गेला, की पत्रकारांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "आता हॉटेल कधी काढणार?" दोन-तीन वर्षांनी प्रेक्षकांचाही एक प्रश्न ठरलेला असतो : "तो जिंकला होता ना, त्याचं पुढे काही झालं का हो?" हॉटेल निघालं नसेल, मुंबई-दिल्लीत मोठी पाटी लागली नसेल, तर आपण हळहळतो आणि 'वाया गेला बिचारा' म्हणून मोकळे होतो.

मी या स्पर्धांची जुनी आणि बऱ्यापैकी हट्टी चाहती आहे. २०१० साली स्टार प्लसवर पहिलं 'मास्टरशेफ इंडिया' आलं तेव्हापासूनची. रात्री जेवणं आटोपल्यावर स्टार वर्ल्डवर ऑस्ट्रेलियाचं पर्व बघत बसणाऱ्यांतली. आणि माझं म्हणणं असं आहे, की हॉटेल निघालं की नाही यावरून काहीच कळत नाही. त्या माणसाने रांधलेल्या पदार्थाला त्याचं नाव चिकटलं का, आणि कार्यक्रम संपल्यावर ते टिकलं का, हे बघायला हवं. मराठी वाहिन्यांवर आणि आमच्या नाशकातही नेमकं तेच होत नाही.

आधी हॉटेलचं बघू. स्पर्धा जिंकणं आणि हॉटेल चालवणं ही दोन निराळी कामं आहेत. स्पर्धेत झाकलेल्या पेटीतून जे निघेल त्यातून, घड्याळाकडे बघत, पूर्वी कधी न केलेलं काहीतरी करायचं असतं. हॉटेलात बरोबर उलटं. काल केलं ते आज, आज केलं ते उद्या, आणि तसंच्या तसं. रविवारी सकाळी नाशकातल्या एखाद्या चालत्या मिसळवाल्याच्या भटारखान्याच्या दाराशी थोडा वेळ उभं राहून बघा. मोठ्या पातेल्यात काळ्या मसाल्याचा रस्सा रटरटत असतो, तर्री वर आलेली असते. मालक मधूनच पळीभर रस्सा वाटीत घेतो आणि नुसताच पितो. पाव नाही, शेव नाही. मग "मीठ" एवढंच म्हणतो, किंवा काहीच म्हणत नाही आणि गल्ल्यावर जाऊन बसतो. समोरचं गिऱ्हाईक नव्या चवीसाठी आलेलंच नसतं. ते गेल्या रविवारची चव परत मागायला आलेलं असतं. रस्सा जरासा पातळ झाला तरी पापड मोडता मोडता लोक एकमेकांकडे बघतात. या कामाला कल्पकता बेताचीच लागते. चिकाटी लागते, आणि भाडं, पगार, गॅस यांचा हिशेब रोज रात्री जुळवावा लागतो. ज्याला एक येतं त्याला दुसरं आलंच पाहिजे, असं का धरून चालायचं?

ऑस्ट्रेलियात तर याचे धडे जाहीरपणे मिळालेत. २००९ च्या पहिल्या पर्वाची विजेती ज्युली गुडविन. तीन मुलांची आई, घरगुती स्वयंपाक करणारी, एका रात्रीत देशभर माहीत झाली. पुढे तिने स्वयंपाक शिकवण्याची शाळा काढली, ती बंद करावी लागली. मधल्या काळात मानसिक आजाराने ती पार खचली आणि त्याबद्दल तिने स्वतःच उघडपणे सांगितलं. २०२२ मध्ये जुन्या आणि नव्या स्पर्धकांच्या एकत्र पर्वात ती पुन्हा त्याच ओट्यापाशी उभी राहिली. त्याच पर्वात बिली मॅके दुसऱ्यांदा जिंकली. २०१५ मध्ये पहिल्यांदा जिंकल्यावर ही मुलगी हॉटेल काढायला धावली नव्हती. ती इंग्लंडला हेस्टन ब्लूमेंथॉल या नावाजलेल्या शेफच्या भटारखान्यात कामाला गेली, हाताखाली शिकली, घरी परतली, संसाराला लागली. 'पुढे काही झालं का' या आपल्या पट्टीने मोजलं तर मधली सात वर्षं ती 'वाया'च गेली होती म्हणायची.

आपल्याकडची उदाहरणं मला याहून बोलकी वाटतात. पंकज भदौरिया लखनौच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या. नोकरी सोडून स्पर्धेत उतरल्या, पहिल्या पर्वाच्या विजेत्या झाल्या आणि नंतर पुन्हा शिकवायलाच लागल्या. विषय तेवढा बदलला. लखनौत त्यांनी पाककलेची संस्था काढली. मंगळुरूच्या मोहम्मद आशिकला हॉटेल मॅनेजमेंट शिकायचं होतं. घरच्या परिस्थितीमुळे ते राहिलं, म्हणून त्याने सरबताचं दुकान टाकलं. सातव्या पर्वातून तो हात हलवत परतला, आठव्यात पुन्हा आला आणि २०२३ च्या डिसेंबरात जिंकला. त्या सातव्या पर्वाचा विजेता नयनज्योती सैकिया आसामच्या तिनसुकियाचा, आणि अंतिम फेरीतली शांता सरमाही आसामचीच. त्याआधी आसामी जेवण म्हणजे काय, हे आपल्यातल्या किती जणांना सांगता आलं असतं? मला तरी चहाच्या पलीकडे काही सांगता आलं नसतं.

पण त्या पर्वातली माझी सगळ्यात लाडकी स्पर्धक जिंकली नाही. मुंबईच्या उर्मिला आशर, सगळ्यांच्या 'बा'. तिन्ही अपत्यं डोळ्यांदेखत गेलेली, वय पंचाहत्तरीच्या पुढचं. टाळेबंदीच्या वर्षी नातवाला हाताशी धरून त्यांनी गुजराती नाश्त्याचा धंदा सुरू केला, 'गुज्जुबेन ना नास्ता'. स्पर्धेतून त्या बाहेर पडल्या तरी धंदा वाढला आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या तेव्हा देशभरातल्या लोकांनी घरचं माणूस गेल्यासारखं वाईट वाटून घेतलं. आयुष्यभर स्वयंपाक केलेल्या बाईचं नाव ठेपल्याच्या आणि फरसाणाच्या पुडीवर आलं ते असं, शेवटच्या चार-पाच वर्षांत. पंचवीस लाखांच्या बक्षिसापेक्षा मला हे मोठं वाटतं.

नाव चिकटणं म्हणजे काय, याची आणखी दोन उदाहरणं दिल्याशिवाय राहवत नाही. २०२१ च्या ऑस्ट्रेलियन पर्वाच्या अंतिम फेरीत मेलबर्नच्या किश्वर चौधरी हिने परीक्षकांपुढे पान्ता भात ठेवला. रात्रभर पाण्यात भिजत ठेवलेला भात, सोबत आलू भोर्ता आणि मासा. बांगलादेशात शेतकरी सकाळी जे खाऊन शेतावर जातो ते. ती तिसरी आली. त्या वर्षीच्या विजेत्याचं नाव आठवायला मला क्षणभर थांबावं लागतं, किश्वर मात्र झोपेतून उठवलं तरी आठवेल. दुसरे मुंबईत वाढलेले फ्लॉइड कार्डोज. न्यूयॉर्कमध्ये १९९८ पासून 'तबला' हे हॉटेल त्यांनी नावारूपाला आणलं होतं, म्हणजे ते काही होतकरू नव्हते. २०११ मध्ये 'टॉप शेफ मास्टर्स' या अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम फेरीत त्यांनी उपमा केला. रवा, नारळाचं दूध, वर रानातल्या अळंब्या. आणि ती स्पर्धा ते जिंकले. (आपल्याकडे पाहुण्यापुढे उपमा ठेवला तर तोंडावर नाही, पण रिक्षात बसल्यावर ऐकायला मिळतं.) मार्च २०२० मध्ये ते कोविडने गेले. त्यांच्यावरच्या जवळपास प्रत्येक लेखात उपमा होता. उपमा लाखो घरांत होतो, तरी त्या उपम्याला नाव मिळालं.

आता मराठी वाहिन्यांकडे वळू. 'आम्ही सारे खवय्ये' वर्षानुवर्षं चाललं. गावोगावच्या किती बायकांनी त्यात पदार्थ करून दाखवले असतील. आपल्याला प्रशांत दामले आठवतात, संकर्षण कऱ्हाडे आठवतात. पदार्थ करणाऱ्या एकीचं तरी नाव आठवतं? मला आठवत नाही, आणि मी तो कार्यक्रम समोर ताट घेऊन बघितलेला आहे. दोष त्या दोघांचा नाही. दोघंही गुणी, दोघंही समोरच्या बाईची भीड मोडण्यात वाकबगार. साचाच तसा आहे. पाहुणी येते, करते, चव घेतली जाते, भेटवस्तू घेऊन घरी जाते. दुसऱ्या दिवशी दुसरी. कार्यक्रम सूत्रसंचालकाचा, पदार्थ वाहिनीचा आणि बाई त्या दिवसापुरती.

आमच्या ओळखीच्या इंदिरानगरच्या एक काकू अशाच एका दुपारच्या कार्यक्रमात जाऊन आल्या. त्यांचे कुळथाचे शेंगोळे म्हणजे आमच्या घरी थंडीतला सण असतो. लसूण आणि जिरं खलबत्त्यात ओबडधोबड कुटून पिठात घालायचं, पीठ घट्ट मळायचं, तळहातांत वळून त्याची वळी करायची, टोकं चिमटीत दाबून जोडायची आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायची. पाण्यात दोन चिमटी पीठ आधीच सोडतात, म्हणजे रस्सा अंगचाच दाट होतो, वेगळं वाटण लागत नाही. चित्रीकरणाच्या वेळी तिथल्या एका मुलाने सांगितलं, "काकू, हे कॅमेऱ्यात काळपट दिसतंय, कोथिंबीर जास्त घाला." काकूंनी घातली. कार्यक्रम लागला त्या दिवशी अख्खी सोसायटी काकूंच्या हॉलमध्ये. नंतर महिनाभर लोक विचारत होते : ते सूत्रसंचालक प्रत्यक्षात कसे दिसतात हो? भेट काय मिळाली? शेंगोळ्यांत लसूण किती, हे कुणी विचारलं नाही. पुढे तो तुकडा यूट्यूबवर आला, शीर्षकात 'पारंपरिक शेंगोळे' आणि सूत्रसंचालकाचं नाव. काकूंचं नाव शोधायला अख्खा भाग बघावा लागतो.

यात कायद्याचाही आधार नाही. १९५७ चा कॉपीराइट कायदा लिहिलेल्या मजकुराला, चित्रीकरणाला संरक्षण देतो. पदार्थाला किंवा त्याच्या पद्धतीला देत नाही. शेंगोळे काकूंनी शोधून काढलेत असं त्या स्वतःही म्हणणार नाहीत, पण चित्रफीत वाहिनीची आणि कृती सगळ्या जगाची, अशा वाटणीत काकूंच्या हाती राहण्यासारखं एकच काही होतं, ते म्हणजे नाव. तेवढं द्यायला काही पडत नाही. म्हणूनच ते देत नसावेत, असं कधी कधी वाटतं.

आणि आता तर उलटी गंगा सुरू झाली आहे. २०२१ च्या अखेरीस 'किचन कल्लाकार' आलं, त्यात नट-नट्या झारा हातात घेऊन धमाल करायचे. २०२५ मध्ये हिंदीत 'सेलिब्रिटी मास्टरशेफ' झालं. उषा नाडकर्णींसाठी ते मीही बघितलं, खोटं कशाला बोलू. त्यांच्या तोंडाचा पट्टा ऐकण्यासारखाच असतो. जिंकला गौरव खन्ना, मालिकांतला नट. करमणूक म्हणून झकास. पण या साच्याचा जीव कशात होता? अनोळखी माणूस ओट्यापाशी येतो आणि स्वयंपाकाच्या जोरावर नाव मिळवून जातो, यात होता. नावं असलेल्यांनाच स्वयंपाकाला लावलं, की उरते ती फजिती. कांदा चिरताना रडणारी अभिनेत्री बघायला लोकांना आवडतं, वाहिनीला स्वस्त पडतं, आणि तिनसुकियाचा पुढचा नयनज्योती घरीच राहतो.

यावर कुणी म्हणेल, घरच्या स्वयंपाकाला कशाला हवी प्रसिद्धी? अन्नपूर्णा ती, देण्यात तिचा आनंद. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. बाईला देवीच्या पाटावर बसवलं की तिला मजुरीही द्यावी लागत नाही आणि श्रेयही. विष्णू मनोहर सलग दोन दिवसांवर स्वयंपाक करून विक्रम करतात, तेव्हा त्यांना आपण अन्नपूर्णेचा पुत्र म्हणून गप्प बसवत नाही. शेफ म्हणतो, बोलावतो, मानधन देतो, आणि ते योग्यच आहे. मग माझ्या काकूंच्या वेळीच सेवाभाव कुठून आठवतो?

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. हे स्पर्धक पुढे मसाल्याच्या पुड्या विकतात, तव्याच्या जाहिराती करतात, लग्नाच्या बुफेचं उद्घाटन करतात, मग कला कुठे राहिली? मला त्यात काही वावगं दिसत नाही. पोटापाण्याचं बघायलाच हवं. स्वतःच्या नावाने मसाला विकणारी बाई मला दुसऱ्याच्या नावाच्या पुडीत आपला मसाला भरणाऱ्या बाईपेक्षा केव्हाही बऱ्या स्थितीत दिसते.

इथे नाशकाचा विषय येतो, कारण आमचं शहर नावावर चालतं. कोंडाजी चिवडा घ्या, बुधा हलवाईची जिलेबी घ्या. माणूस गेला, पिढ्या गेल्या, तरी नाव पुडीवर आणि पाटीवर आहे. जमिनीलाही नाव मिळालं. लासलगावच्या कांद्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, नाशिकच्या द्राक्षांना आणि वाइनलाही मिळालेलं आहे. म्हणजे पुरुषाचं नाव टिकतं, गावाचं टिकतं, मातीचं टिकतं. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया घालणाऱ्या, काळा मसाला भाजून कांडणाऱ्या, सिडकोपासून पंचवटीपर्यंत डबे पोचवणाऱ्या बायकांचा माल मात्र 'घरगुती' या एकाच नावाखाली विकला जातो. कुणाच्या घरचा, ते नाही.

डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावर बचत गटांची प्रदर्शनं भरतात. तिथे मी पेठ तालुक्यातल्या एका बाईला नागलीची भाकरी करताना बघितलं. उकळत्या पाण्यात मीठ, त्यात पीठ, झाकण, मग हात भाजत असतानाच मळणं. नागलीला चिकटपणा नाही, पीठ थंड झालं की भाकरीच्या कडा फाटतात, म्हणून ती एका वेळी एकाच भाकरीपुरतं पीठ काढून घेत होती आणि बाकीचं ओल्या फडक्याखाली. रांग लागलेली असतानाही दोन भाकऱ्यांचं पीठ एकदम काढलं नाही. सोबत उडदाचा भुजा आणि ठेचा. माझ्या पुढे उभ्या असलेल्या गृहस्थांनी मोबाइलवर भाकरीचं जवळून चित्रण केलं, वर सांगितलं, "मावशी, शेफ लोक हेच पाचशे रुपयांना देतात." मावशी हसल्या आणि सुटे मागितले. फलकावर गटाचं नाव होतं, योजनेचं नाव होतं, तीन साहेबांचे फोटो होते. भाकरी कोण करतंय, ते विचारल्यावर कळलं. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं, मोठ्या हॉटेलांत नागलीचे केक झाले, टीव्हीवरच्या शेफनी नागलीवर भाषणं दिली. सुरगाणा-पेठेतली एक तरी बाई त्या निमित्ताने नावाने कुणाला माहीत झाली का?

नाव मिळालं की सगळं झालं, असं मात्र मी म्हणत नाही. एकाचं नाव मोठं झालं की त्याच्यामागचे हात झाकले जातात. ऑस्ट्रेलियन मास्टरशेफचे परीक्षक जॉर्ज कॅलोम्बारिस मला फार आवडायचे. २०१९ मध्ये बाहेर आलं, की त्यांच्या हॉटेल कंपनीने कामगारांना एकूण ७८ लाख डॉलर कमी पगार दिला होता. भांडी घासणारे, भाजी चिरणारे, वाढणारे, सगळे त्यात. त्याच वर्षी ते कार्यक्रमातून गेले. चाहत्यांनी असं काही कळलं की 'पण हाताला चव किती होती' म्हणत सावरून घेऊ नये. पाटीवरचं नाव जितकं मोठं, तितका त्याला हिशेब विचारायचा.

सिंहस्थ तोंडावर आलाय. २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरी लाखो लोक जेवतील, अन्नछत्रं लागतील, पर्यटनवाले खाद्यमहोत्सव भरवतील आणि टीव्हीवर गाजलेल्या शेफना हमखास बोलावतील. बोलवा, मीच पहिल्या रांगेत बसेन. पण त्या शेफला एकट्याला मंचावर उभं करू नका. रणवीर ब्रार लखनौच्या गल्लीत कबाब शिकले ते कुणाकडे, हे ते स्वतः सांगतात, मुनीर उस्तादांचं नाव घेऊन. पाहुण्या शेफला इथे भाकरी करायची असेल तर पेठच्या मावशींकडून त्याने ती मंचावरच शिकावी, आणि मावशींचं मानधन त्याच पत्रावर लिहिलेलं असावं. प्रत्येक स्टॉलच्या फलकावर गटाच्या आणि योजनेच्या नावाखाली 'रांधणार' अशी एक ओळ असावी. साहेबांच्या तीन फोटोंपैकी एक कमी केला तर जागा आरामात होईल. वाहिन्यांनी चित्रफितीच्या शीर्षकात पदार्थ करणाऱ्याचं नाव आधी लिहावं, सूत्रसंचालकाचं नंतर. जुन्या भागांनासुद्धा ते करता येईल, शीर्षक बदलायला पुन्हा चित्रीकरण लागत नाही.

चाहत्यांसाठीही थोडं आहे. विजेत्याच्या खात्यावर लाल बदाम देऊन झालं की आपलं कर्तव्य संपलं, असं आपण धरतो. त्याचा मसाला मागवून बघावा, वर्गाला जावं, त्याच्या गावावरून जाताना वाट वाकडी करून दुकानात डोकावावं, आणि आवडलं नाही तर तसंही त्याला सांगावं. मंगळुरूला गेले तर आशिकच्या सरबतासाठी थांबायचं, हे मी ठरवूनच टाकलं आहे. इंदिरानगरच्या काकूंनी सध्या शेंगोळ्यांची ऑर्डर घेणं सुरू केलंय, फक्त थंडीत, आदल्या दिवशी सांगावं लागतं. डब्यावर लावायला चिठ्ठी छापून घेतली, तर त्यावर त्यांनी 'घरगुती शेंगोळे' एवढंच लिहून आणलं होतं. वाद घालून घालून शेवटी नाव घालायला तयार झाल्या आहेत, पण आडनाव नको म्हणतात. त्यावर अजून बोलणी चालू आहेत.